जानेवारीत मंदावणारी घड्याळं

सिडनीहून पर्थला जाणारी ‘इंडियन पॅसिफिक’ ही आगगाडी वाटेत नलारबॉरचं पठार ओलांडते. या पठारावर लोहमार्गाचा 478 किलोमीटरचा एक सलग सरळ तुकडा आहे. इतका लांब सरळ रूळ जगात दुसरीकडे कुठेही नाही. गाडीत एक अतिशय नेमकं अणुघड्याळ ठेवलं आणि सरळ तुकडा संपल्यावर ते तिथल्या स्टेशनातल्या तशाच घड्याळाशी ताडून पाहिलं, तर दोन्हींत फरक पडलेला असेल. गाडी पर्थकडून सिडनीकडे, म्हणजे पूर्वेला जात असेल तर गाडीतलं घड्याळ साधारण दोन नॅनोसेकंद मागे पडलेलं असेल. पश्चिमेला जात असेल तर जवळजवळ तेवढंच पुढे गेलेलं असेल. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. आजच्या अणुघड्याळांना एवढा फरक सहज कळतो.

धावतं घड्याळ मंद चालतं, हे शाळा-कॉलेजात कानावर पडलेलं असतं. मग पश्चिमेला धावणारं घड्याळ पुढे कसं जाईल?

आधी ते मंद का चालतं, हे पाहू. समजा डब्याच्या जमिनीवर एक आरसा आहे, छताला दुसरा, आणि प्रकाशाचा एक झोत या दोन आरशांमध्ये वरखाली उसळतो आहे. प्रत्येक फेरी म्हणजे घड्याळाचा एक ठोका. डब्यात बसलेल्या माणसाला झोत सरळ उभा वर जाताना आणि सरळ खाली येताना दिसतो. रुळांशेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र तो तिरका जाताना दिसतो, कारण झोत छतापर्यंत पोचेपर्यंत डबा पुढे सरकलेला असतो. तिरकी वाट उभ्या वाटेपेक्षा लांब. झोताला गाडीचा वेग मिळून तो ही लांब वाट जास्त वेगाने कापेल, असं म्हणावं तर तीही सोय नाही. प्रकाशाचा वेग दोघांच्याही मोजणीत सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, एवढाच भरतो. म्हणजे रुळांशेजारच्या माणसाच्या हिशेबाने डब्यातला ठोका उशिरा पडतो. घड्याळ आरशांचं असो, सीझियमच्या अणूंचं असो की हृदयाच्या ठोक्यांचं, परिणाम सगळ्यांवर सारखाच. आइन्स्टाइनने 1905 साली सांगितलेल्या विशेष सापेक्षता सिद्धांताचा हा गाभा आहे.

पण ताशी शंभर किलोमीटरने जाणाऱ्या गाडीसाठी हे गणित मांडलं, तर त्या सरळ तुकड्यावर पडणारा फरक सेकंदाच्या एक हजार कोटीव्या भागाहूनही कमी निघतो. दोन नॅनोसेकंद त्याच्या वीसपटीहून मोठे आहेत. ते येतात कुठून? ते येतात आपल्या एका गैरसमजातून. स्टेशन स्थिर आहे, असं आपण धरून चाललो होतो. पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि नलारबॉरच्या अक्षांशावर जमीन, रूळ, स्टेशन हे सारं सेकंदाला सुमारे 400 मीटर वेगाने पूर्वेला चाललेलं असतं. न फिरणाऱ्या कोणाच्या नजरेने, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राला धरून पाहिलं, तर पूर्वेला जाणारी गाडी या वेगात भर घालते आणि पश्चिमेला जाणारी गाडी त्यातून वजा करते. पश्चिमेची गाडी खरं तर स्टेशनापेक्षा सावकाश चाललेली असते, म्हणून तिच्यातलं घड्याळ स्टेशनापेक्षा जलद चालतं. यातला आणखी एक बारकावा मला फार आवडतो: हा दोन नॅनोसेकंदांचा फरक गाडीच्या वेगावर जवळजवळ अवलंबूनच नाही. गाडी निम्म्या वेगाने गेली तर दर सेकंदाचा फरक निम्मा होतो, पण प्रवासाला वेळ दुप्पट लागतो.

मुंबईहून सिडनीला मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीतही हेच घडतं, त्यात उंचीची भर पडते. जमिनीपासून दूर, वर गेलं की घड्याळ जलद चालतं. त्याचं कारण पुढे येईलच. अकरा किलोमीटरची उंची आणि ताशी नऊशे किलोमीटरचा वेग धरून हिशेब केला, तर जाताना, म्हणजे पूर्वेला, उंचीने मिळवलेलं वेग आणि दिशा मिळून जवळजवळ सगळं खाऊन टाकतात. मनगटावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळाशी जुळतं राहतं. परतताना मात्र दिशा बाजूने येते आणि मुंबईत उतरेपर्यंत घड्याळ सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद पुढे गेलेलं असतं. जाण्याचा आणि येण्याचा हिशेब सारखा नसतो. हा प्रयोग प्रत्यक्षातही झालेला आहे. 1971 च्या ऑक्टोबरमध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग या अमेरिकन संशोधकांनी चार सीझियम घड्याळं नेहमीच्या प्रवासी विमानांतून जगाभोवती फिरवून आणली, एकदा पूर्वेकडे, एकदा पश्चिमेकडे. पूर्वेच्या फेरीत घड्याळं सरासरी 59 नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेच्या फेरीत 273 नॅनोसेकंद पुढे गेली. सिद्धांताने आधी वर्तवलेले आकडे मोजमापातल्या चुकीच्या मर्यादेत याच्याशी जुळले.

आता उंचीकडे वळू. गुरुत्वाकर्षणाचा काळावरचा परिणाम 1915 साली पूर्ण झालेल्या सामान्य सापेक्षता सिद्धांतात नीट बसतो, पण तो समजायला अवघड गणित लागत नाही. प्रकाश डोंगर चढताना ऊर्जा गमावतो, म्हणजे त्याची कंपनसंख्या घटते. पायथ्याशी दर सेकंदाला ठरावीक कंपनं सोडणारा दिवा ठेवला, तर शिखरावर सेकंदाला त्याहून थोडी कमी कंपनं पोचतात. पण वाटेत कंपनं कुठे सांडत नाहीत, जितकी निघाली तितकी पोचणारच. मग शिखरावर कमी का मोजली गेली? याचा एकच अर्थ लागतो. शिखरावरचा सेकंद पायथ्याच्या सेकंदापेक्षा आखूड आहे, तिथलं घड्याळ जलद चालतं. पाउंड आणि रेब्का या संशोधकांनी 1960 साली हार्वर्डमधल्या एका मनोऱ्यात, अवघ्या साडेबावीस मीटरच्या उंचीत, कंपनसंख्येतला हा फरक मोजून दाखवला. आता तर प्रकाशीय अणुघड्याळांच्या मदतीने एका मिलिमीटरच्या उंचीचा फरकही मोजला गेला आहे.

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत उंच शिखर माउंट कोझियस्को, 2228 मीटर. सर्वांत खोल जागा काटी थांडा म्हणजे लेक एअर, समुद्रसपाटीखाली सुमारे 15 मीटर. या दोन जागांवरच्या घड्याळांत रोज 21 नॅनोसेकंदांचा फरक पडतो. कोझियस्कोवर कोणी ऐंशी वर्षं मुक्काम केला तर तळ्याकाठच्या माणसापेक्षा तो अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा अधिक म्हातारा होईल. आपल्या कळसूबाईची उंची 1646 मीटर. तिच्या माथ्यावर वर्षभर ठेवलेलं घड्याळ समुद्रकाठच्या घड्याळापुढे साडेपाच मायक्रोसेकंदांहून थोडं जास्त जाईल. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

वेग आणि गुरुत्वाकर्षण हे दोन्ही एकाच वेळी काम करतात तेव्हा काय होतं, याचं एक सुंदर उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या नकाशावरच सापडतं. उत्तरेचं डार्विन विषुववृत्ताच्या जवळ, दक्षिणेचं होबार्ट बरंच लांब. पृथ्वीच्या फिरण्यामुळे डार्विन सेकंदाला सुमारे 454 मीटर वेगाने चाललंय, होबार्ट 341 मीटरने. एवढ्या फरकाने डार्विनचं घड्याळ रोज सुमारे 43 नॅनोसेकंद मागे पडायला हवं. 1905 च्या आपल्या निबंधात आइन्स्टाइननेही असंच लिहिलं होतं, की विषुववृत्तावरचं घड्याळ ध्रुवावरच्या घड्याळापेक्षा किंचित मंद चालेल. प्रत्यक्षात समुद्रसपाटीवर डार्विनमधली आणि होबार्टमधली घड्याळं एकाच गतीने चालतात. पृथ्वी फिरते म्हणून विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, त्यामुळे डार्विन पृथ्वीच्या केंद्रापासून जास्त लांब आहे. वेगाने जितका काळ मंदावतो, तितकाच केंद्रापासून लांब असल्याने तो जलद होतो. हा योगायोग नाही. ज्या फिरण्याने डार्विनला वेग दिला त्याच फिरण्याने समुद्राच्या पाण्याला फुगवटा दिला आणि पाणी तिथेच स्थिरावतं जिथे हे दोन्ही परिणाम एकमेकांना तोलतात. 1905 मध्ये गुरुत्वाकर्षणाचा काळाशी असलेला संबंध आइन्स्टाइनला अजून दिसायचा होता.

जीपीएसमध्ये मात्र हे दोन परिणाम एकमेकांना तोलत नाहीत. उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर सेकंदाला 3.9 किलोमीटर वेगाने फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळं रोज सात मायक्रोसेकंद मागे पडतात, उंचीमुळे पंचेचाळीस पुढे जातात. वजाबाकी करता अडतीस मायक्रोसेकंद पुढे. प्रकाश एवढ्या वेळात अकरा किलोमीटर जातो, म्हणजे दुरुस्ती केली नाही तर उपग्रहाच्या अंतराची मोजणी दररोज अकरा किलोमीटरने चुकत जाईल. 1977 च्या जूनमध्ये यासाठीचा एक प्रायोगिक उपग्रह सीझियम घड्याळ घेऊन वर गेला, तेव्हा ही दुरुस्ती खरंच लागेल का याची काही अभियंत्यांना खात्री नव्हती. दुरुस्ती करणारं यंत्र बसवलेलं होतं, पण ते बंद ठेवून सुमारे वीस दिवस नुसतं मोजत राहिले. फरक सिद्धांताने सांगितलेल्या आकड्याशी एक टक्क्याच्या आत जुळला. तेव्हापासून जीपीएस घड्याळांची कंपनसंख्या जमिनीवरच किंचित कमी करून ठेवतात: 10.23 मेगाहर्ट्झऐवजी 10.22999999543 मेगाहर्ट्झ. कक्षेत गेल्यावर ती आपोआप हवी तेवढी होते.

पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हाच्या पेरणीला ट्रॅक्टर स्वतःच सरळ तास धरतात, चालक नुसता बसलेला असतो. चाकं दरवर्षी त्याच दोन पट्ट्यांवरून जातात, बाकीची जमीन तुडवली जात नाही. दोन-चार सेंटिमीटरचा हा नेमकेपणा उपग्रहांच्या घड्याळांवर उभा आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये, ऐन पेरणीच्या दिवसांत, दुरुस्तीचे संकेत पोचवणारा एक संदेशवहन उपग्रह बंद पडला आणि देशभर ट्रॅक्टर शेतातच थांबले. इतक्या बारीक मोजणीत तर खंडाचं सरकणंही जमेला धरावं लागतं. ऑस्ट्रेलिया वर्षाला सुमारे सात सेंटिमीटर उत्तर-ईशान्येला सरकतो. 1994 सालचे नकाशाचे आकडे 2020 पर्यंत 1.8 मीटर चुकीचे झाले होते, ते देशाने बदलून घेतले.

या देशात सापेक्षता सिद्धांताच्या कसोटीची परंपरा जुनी आहे. 21 सप्टेंबर 1922 च्या खग्रास सूर्यग्रहणाला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वालल या निर्जन किनाऱ्यावर अनेक देशांच्या तुकड्या उतरल्या होत्या. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि ट्रम्पलर होते, आणि भारतातून कोडाईकनालचे जॉन एव्हरशेडही होते. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वाकतो, हे मोजायचं होतं. एव्हरशेड यांच्या उपकरणाने दगा दिला. लिकच्या मंडळींचा आकडा आइन्स्टाइनच्या 1.75 विकलांच्या (विकला हे कोनाचं अगदी बारीक माप) अगदी जवळ आला. ही कसोटी प्रकाशाची म्हणून ओळखली जाते, पण ती काळाचीही होती. या वाकण्यातला अर्धा वाटा सूर्याजवळ काळ मंदावण्याचा आहे, उरलेला अर्धा तिथलं अवकाश वाकल्याचा.

वाललच्या या मोजणीनंतर एक्क्याऐंशी वर्षांनी, त्याच देशात, याहून कितीतरी कठोर कसोटी हाती आली. ती आणणारी दुर्बीण सिडनीच्या पश्चिमेला, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर, पार्क्स गावाजवळच्या मेंढ्यांच्या कुरणात उभी आहे. 64 मीटर व्यासाची ही थाळी 1961 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. चंद्रावर माणूस पहिल्यांदा चालला त्याची दूरचित्रं जगाला मुख्यतः हिच्याकडूनच मिळाली. 2020 मध्ये तिला विराड्जुरी या स्थानिक आदिवासी लोकांच्या भाषेतलं ‘मुरियांग’ हे नाव दिलं गेलं, त्यांच्या कथांतल्या आकाशलोकावरून.

2003 च्या एप्रिलमध्ये पार्क्सच्या आकाश-पाहणीत एक स्पंदक सापडला. स्पंदक म्हणजे स्वतःभोवती गरागरा फिरणारा न्यूट्रॉन तारा. सूर्याहून जास्त वस्तुमान, व्यास जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर, आणि प्रत्येक फेरीत रेडिओ लहरींचा एक झोत आपल्या दिशेने फिरवणारा. हा तारा सेकंदाला 44 फेऱ्या मारत होता. तो एकटा नव्हता. दर दोन तास सत्तावीस मिनिटांनी तो एका जोडीदाराभोवती प्रदक्षिणा पूर्ण करत होता. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये हा शोध ‘नेचर’मध्ये आला. पहिलं नाव इटलीच्या मार्ता बुर्गाय यांचं होतं आणि लेखकांच्या त्या छोट्या यादीत पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे भालचंद्र जोशीही होते. काही महिन्यांत कळलं, की जोडीदारही स्पंदकच आहे, पावणेतीन सेकंदांत एक फेरी मारणारा. तो प्रदक्षिणेच्या थोड्याच भागात ठळक दिसत असल्याने आधी नजरेतून निसटला होता. दोन्ही तारे स्पंद पाठवणारे, म्हणजे दोन्ही घड्याळं, अशी जोडी तोपर्यंत कुणीही पाहिली नव्हती आणि आजवर दुसरी सापडलेली नाही. पहिल्याला ‘ए’ म्हणतात, दुसऱ्याला ‘बी’. दोघांची अख्खी कक्षा आपल्या सूर्याच्या पोटात मावेल एवढी लहान आहे.

‘ए’ची कक्षा अगदी वर्तुळ नाही, किंचित लंबगोल आहे. तो ‘बी’च्या सर्वांत जवळ येतो तेव्हा दोन गोष्टी एकदम घडतात. त्याचा वेग वाढतो आणि तो ‘बी’च्या गुरुत्वाकर्षणात जास्त खोल उतरतो. दोन्ही कारणांनी त्याचं घड्याळ मंदावतं. लांब गेला की दोन्ही कारणं सैलावतात आणि घड्याळ पुन्हा जलद होतं. म्हणजे आधी वेगळे पाहिलेले दोन्ही परिणाम या ताऱ्यावर एकाच दिशेने, हातात हात घालून काम करतात, तेही दर अडीच तासांनी. परिणामी ‘ए’चे स्पंद प्रदक्षिणेत कधी 0.38 मिलिसेकंद उशिरा, कधी तेवढेच लवकर येतात. ‘ए’चा वेग आहे सेकंदाला सुमारे 300 किलोमीटर, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्याच्या दसपट.

हे ऐकताना सोपं वाटतं, मोजायला ते भारी अवघड होतं. स्पंद उशिरा येण्याचं एक साधं कारण आधीच असतं. तारा कक्षेच्या पलीकडच्या बाजूला असला की त्याच्या लहरींना जास्त अंतर कापावं लागतं. हा साधा उशीर आणि काळ मंदावल्याचा उशीर एकाच तालावर, प्रदक्षिणेच्या तालावर, वरखाली होतात. सुरुवातीला दोन्ही इतके एकमेकांत मिसळलेले असतात की वेगळे काढताच येत नाहीत. सोडवणूक केली ती सापेक्षता सिद्धांतानेच. गुरुत्वाकर्षण एवढं तीव्र असल्यामुळे लंबगोल कक्षा स्वतःही हळूहळू वळत जाते. बुधाची कक्षा या कारणाने शंभर वर्षांत फक्त 43 विकला वळते, ‘ए’ची वर्षाला जवळजवळ 17 अंश. एकवीस वर्षांत तिची पूर्ण फेरी होते. कक्षा वळली की साधा उशीर आपला आकार बदलतो, काळाचा उशीर मात्र जवळ येण्या-जाण्यालाच बांधलेला राहतो. जसजशी वर्षं जातात तसतसे दोन्ही सुटे होत जातात. म्हणूनच हे काम एका रात्रीच्या निरीक्षणाचं नव्हतं. 2021 च्या डिसेंबरमध्ये सोळा वर्षांच्या नोंदींचा निकाल प्रसिद्ध झाला. पार्क्ससह सात रेडिओ दुर्बिणी त्यात होत्या. सामान्य सापेक्षता सिद्धांत 99.99 टक्क्यांपर्यंत बरोबर ठरला.

त्याच नोंदींतून आणखी एक मोजमाप निघालं. आपल्याला ही कक्षा जवळजवळ काठावरून दिसते. त्यामुळे दर प्रदक्षिणेत एकदा ‘ए’च्या लहरी ‘बी’च्या अगदी जवळून येतात आणि तिथल्या मंदावलेल्या काळातून व वाकलेल्या अवकाशातून जाताना दशांश मिलिसेकंदाहून थोड्या जास्त उशिरा पोचतात. शिवाय कक्षा रोज सुमारे सात मिलिमीटरने आकसते आहे, कारण ही जोडी गुरुत्वलहरींच्या रूपाने ऊर्जा गमावते. साडेआठ कोटी वर्षांनी दोघं एकमेकांवर आदळतील. ‘बी’ 2008 च्या मार्चमध्ये आपल्याला दिसेनासा झाला. त्याचा अक्ष डोलत असल्याने त्याच्या झोताची दिशा आपल्यावरून सरकली.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. ‘ए’च्या पृष्ठभागावर कोणी घड्याळ ठेवू शकला असता, तर ताऱ्याच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने ते आपल्या घड्याळापेक्षा पंधरा-वीस टक्के मंद चाललं असतं. हा परिणाम 0.38 मिलिसेकंदाच्या तुलनेत प्रचंड आहे, पण तो दिवसरात्र सारखाच राहतो, म्हणून स्पंदांच्या तालात तो उमटतच नाही. आपल्याला कळतो तो फक्त बदलणारा परिणाम.

आणि बदलणारा परिणाम आपल्या घड्याळांवरही होतो. पार्क्सच्या नियंत्रण-इमारतीतल्या अत्यंत नेमक्या हायड्रोजन मेसर घड्याळासह पृथ्वीवरची सगळी घड्याळं दर जानेवारीत मंदावतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर असते. तिचा वेगही तेव्हाच सर्वांत जास्त, सेकंदाला 30.3 किलोमीटर असतो. ‘ए’च्या बाबतीत घडतं तेच, फक्त सौम्य प्रमाणात. सरासरी गतीच्या मानाने तेव्हा पृथ्वीवरचा काळ रोज सुमारे 28 मायक्रोसेकंद मागे पडतो, जुलैत तेवढाच पुढे जातो. ही तूट साठत जाऊन एप्रिलच्या सुरुवातीला 1.66 मिलिसेकंद होते, मग भरून निघते आणि ऑक्टोबरात तेवढीच आघाडी होते. आपल्याला याचा पत्ता लागत नाही, कारण आपल्याभोवतीची सगळी घड्याळं, झाडं, नाडीचे ठोके एकत्रच मंदावतात. ताडून पाहायला पृथ्वीबाहेरचं घड्याळ लागतं, आणि स्पंदक हे तसंच घड्याळ आहे. ही दुरुस्ती केली नाही, तर आकाशातला प्रत्येक स्पंदक दरवर्षी त्याच ठेक्यावर डळमळताना दिसेल. पार्क्सच्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या संशोधकांनी 2006 साली ‘टेम्पो-2’ हा संगणक-कार्यक्रम तयार केला. दुर्बिणीच्या घड्याळात नोंदलेली प्रत्येक वेळ तो सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावरच्या काळात बदलून देतो, आणि त्यात ही जानेवारीची तूटही येते.

पुण्याचं नाव पार्क्सच्या शोधात येतं यामागे आणखी जुना धागा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. 1953 मध्ये गोविंद स्वरूप हा तरुण कोलंबो योजनेतून सिडनीला गेला आणि जोसेफ पॉझी यांच्या रेडिओ खगोलशास्त्राच्या गटात काम करू लागला. शहराच्या पश्चिमेला पॉट्स हिल इथल्या जलाशयाकाठी 1.8 मीटर व्यासाच्या बत्तीस थाळ्यांची रांग सूर्याचं निरीक्षण करत असे. ती मोडीत निघणार असं कळल्यावर स्वरूप यांनी त्या थाळ्या भारताला द्याव्यात अशी विनंती केली. ती मान्य झाली. थाळ्या आधी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आल्या, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे. 1965 मध्ये त्या मुंबईजवळ कल्याणला उभ्या राहिल्या आणि भारतातलं रेडिओ खगोलशास्त्र खऱ्या अर्थाने तिथून सुरू झालं. स्वरूप यांनी नंतर उटीची दुर्बीण उभारली आणि जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी 45 मीटरच्या तीस थाळ्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण; पुण्याचं केंद्र तीच चालवतं. सिडनीच्या जलाशयाकाठच्या बत्तीस थाळ्यांपासून खोडदच्या तीस थाळ्यांपर्यंतची ही वाट एका माणसाच्या चिकाटीने आखली गेली, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

आज पार्क्स आणि खोडद एकाच कामात आहेत. दोन्ही ठिकाणी अनेक अतिवेगवान स्पंदक दर काही आठवड्यांनी मोजले जातात. त्या सगळ्यांच्या ठोक्यांत एकत्रित, अतिशय मंद असा चढउतार दिसतो का, याचा शोध घेतला जातो. प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्यांनी उठवलेल्या गुरुत्वलहरींनी तसा चढउतार पडायला हवा. 29 जून 2023 ला पार्क्सच्या गटाने, युरोपीय व भारतीय गटांनी मिळून, आणि अमेरिकेच्या व चीनच्या गटांनी अशी चिन्हं दिसत असल्याचं एकाच वेळी जाहीर केलं. त्यात खोडदचा वाटा कमी कंपनसंख्येच्या लहरींचा आहे. ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेतही विरळ इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्यातून येताना कमी कंपनसंख्येच्या लहरी जास्त रेंगाळतात आणि हा उशीर महिन्यामहिन्याला बदलतो. पार्क्सला तो पुसट दिसतो, खोडदला ठळक. खोडदच्या मोजणीवरून तो वजा करता येतो आणि मग उरतो तो खुद्द काळातला फरक, नॅनोसेकंदांत मोजण्यासारखा.